आबांची न उघडणारी पिशवी

आमच्या आबांना भेटायला येणाऱ्या माणसाने शिवलेली वस्तू बरोबर आणू नये. सासरे आहेत माझे, पण खरं ते सांगते. पाहुणा ओसरीवर टेकला, पाण्याचा तांब्या पुढे आला, की आबा त्याच्या हातातली पिशवी अलगद काढून घेतात, शिवण दोन्ही अंगठ्यांत धरतात आणि ताणून बघतात. "मशीनची हाय," एवढंच म्हणतात आणि दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून परत देतात. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या वडिलांच्या नव्याकोऱ्या सफारीचा खिसा असाच ताणून पाहिला. खिसा हातात आला. वडील तो सफारी आजतागायत घालत नाहीत. आबांना मात्र अजून वाटतं की त्यांनी व्याह्यांवर उपकार केले, नाहीतर त्या खिशानं कधीतरी भर बाजारात दगा दिला असता.

आबा म्हणजे आनंदराव, मुक्काम मांडवगण फराटा. चार एकर ऊस, एक एकर जिराईत, एक म्हैस, एक बायको, एक मुलगा आणि एक सून असा त्यांचा पसारा. मुलगा विक्रम रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे या गोष्टीत तो बहुतेक वेळ झोपलेला आहे. सून मी, सायली, माहेर शिरूर. मी घरी बसून ब्लाउज शिवते, तेही मशीनवर. तेव्हा आबांच्या लेखी माझी काय पत असेल ते तुम्हीच ओळखा.

आबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. यंत्रं फिरवणारे रुंद चामडी पट्टे तुटले की ते हाताने शिवायचे, हे त्यांचं काम. शिकवणारे होते दौंडचे ईश्वर मामा, जातीने चर्मकार, आणि आबांच्या मते जगातले शेवटचे शहाणे. त्यांचा फोटो आमच्या ओसरीत आबांच्या वडिलांच्या फोटोशेजारी लागलेला आहे. भावकीतल्या एकदोघांनी सुरुवातीला नाकं मुरडली, की आपल्यातल्या माणसानं चामड्याचं काम करावं का. आबांनी त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. "वहाण घालताना चालतं, शिवताना बाटतं व्हय?" पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले. दुसऱ्यांच्या शिवणी ताणून किती दिवस निघणार? तेवढ्यात खुटबावचा हनुमंत दारात आला. नदीपलीकडे दौंड तालुक्यात, रस्त्यालगत त्याचं गाड्या ठोकायचं वर्कशॉप आहे. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचे. हनुमंत एका जागी बसतो आणि मुलूखभरचे चेपलेले टेम्पो त्याच्याकडे येतात. त्याच्या काखेत एक फाटकी चामडी पिशवी होती, उशीएवढी, आणि तिच्यातून आमच्या ओसरीपर्यंत वाळूची रांगोळी घातली गेली होती.

"आबा, हिला कायतरी करा. कालच घेतली बाजारातनं."

आबांनी शिवण ताणली. "मशीनची हाय."

ही पिशवी कशाला लागते ते मला हनुमंतनेच समजावलं. मडगार्डाला पोचा आला की पत्रा सरळ लोखंडावर ठेवून ठोकता येत नाही, तो ताणतो नाहीतर फाटतो. म्हणून खाली वाळू भरलेली चामड्याची पिशवी ठेवायची आणि वरून लाकडी मोगरीने ठोकायचं. वाळू हवी तेवढी दबते, नको तिथे दबत नाही, आणि पत्र्याला पहिल्यासारखा गोल येतो. लहान पिशव्या नुसत्या वजनाला लागतात, पत्रा हलू नये म्हणून वर ठेवायला.

आबांनी त्याला नवीच शिवून दिली. म्हशीचं जाड चामडं आणलं, भिजवलं, त्याचे दोन गोल कापले. काठाने आरीने भोकं पाडली. मेण ओढलेला दोरा आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा जागचा हलत नाही. उलटी शिवून पिशवी सुलटी करायची, हात जाईल एवढं तोंड ठेवायचं, वाळू भरायची आणि मग तोंड शिवून बंद. हे सगळं ते गोठ्याच्या पडवीत करत, पण चंद्रीकडे पाठ करून. चंद्री आमची म्हैस. तिच्यासमोर म्हशीचं चामडं टोचायला त्यांना संकोच वाटे.

"ही फाटंल, पण उसवायची न्हाई," पिशवी देताना आबांनी हनुमंतला ऐकवलं. "मी शिवलेली पिशवी मलासुदिक उघडता येत न्हाई." हे वाक्य पुढे त्यांनी गावात इतक्यांदा ऐकवलं, की पोरं त्यांना लांबून बघून 'उसवायची न्हाई' म्हणत पळायची.

तर पहिली पिशवी झकास झाली. दोनचार लहान वजनंही झाली. मग श्रावण सरता सरता हनुमंतचा निरोप आला, की आणखी एक मोठी पाहिजे, पण जरा हलकी करा, उचलताना कंबर धरते. आणि या पिशवीपासून आमच्या घरात महाभारत सुरू झालं.

कारण चामडं भिजवायला आबांनी या वेळी घंगाळ घेतलं. तांब्याचं, सासूबाईंच्या माहेरचं, वर्षातून एकदा दिवाळीच्या आंघोळीला निघणारं. सासूबाई म्हणजे साखरबाई. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, ठेवणाऱ्यानं त्यांना रागावलेलं पाहिलं नसणार. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या नदीवरून आल्या, घंगाळात म्हशीचं कातडं पोहताना पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. तेव्हाच मी ओळखलं की आता महिना दीड महिना गेला.

आमच्या घरातला अबोला म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे. त्याला रीत आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, चंद्रीशी बोलतात. आत्या गोठ्यात जाऊन म्हणतात, "चंद्रे, डाळ संपलीया, कुणाला बाजारला जायाचं आसंल तर बघावं." पडवीतून आबा म्हणतात, "चंद्रे, तुझ्या मालकिणीला इचार, तूर का हरभरा?" चंद्री रवंथ करते. संध्याकाळी डाळ येते. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला वाटायचं, मधे पडावं, निरोप पोचवावेत. एकदा पोचवला तर दोघं माझ्यावरच उखडले. चंद्रीला सांगितलं म्हणजे सांगितलं. ते पुन्हा विचारायचं नाही, पुन्हा सांगायचं नाही, आणि मधे तिसऱ्यानं तोंड घालायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा आहे. सुप्रीम कोर्टातसुद्धा एवढी शिस्त नसेल.

आता आत्यांच्या बियाण्याबद्दल सांगायला हवं, कारण खरा जीव तिथे अडकलेला आहे. आत्यांचं माहेर वढू बुद्रुक. लग्नात त्यांच्या आईने ओटीत गुळभेंडी ज्वारीचं बी घातलं होतं. हुरड्याची ज्वारी ती. कोवळं कणीस आगटीत भाजून हातावर चोळलं की दाणे हिरवेगार आणि गोड निघतात, नुसते खात सुटावे. बाजारात हल्ली गुळभेंडीच्या नावाने काहीही मिळतं, पण आत्यांच्या माहेरचं बी आता माहेरीही राहिलेलं नाही. भावांनी सगळीकडे ऊस केला. ते बी आता फक्त आत्यांकडे. दरवर्षी जिराईत एकरात पेरायचं, मोजकी कणसं राखायची, राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून ठेवायची. आणि घटस्थापनेला देवापुढच्या मातीत पहिली मूठ या बियाण्याची पडते, मग बाकीची धान्यं. आई गेली तेव्हा आत्या तिच्यापर्यंत वेळेवर पोचल्या नव्हत्या. "माझी आय म्हंजी आता एवढंच हाय," असं एकदा बी पाखडताना त्या मला म्हणाल्या, आणि लगेच 'धूळ गेली डोळ्यात' म्हणून पदर लावला.

या वर्षी घुशींनी मडकं फोडलं. होतं नव्हतं त्यातलं दोन पायली बी आत्यांनी खाली सांडलेल्या मातीतून वेचून काढलं आणि आता हे कशात ठेवावं म्हणून घर धुंडाळू लागल्या. पडवीत खुंटीला आबांची नवी पिशवी लटकत होती. शिवून तयार, तोंड उघडं, वाळू भरायची बाकी. वहाणेच्या तळासारखं जाड चामडं. घुशीचे दात पडतील, पण पिशवीला भोक पडणार नाही. घंगाळाचा हिशेबही आपोआप चुकता होत होता. आत्यांनी बी राखेत घोळून पिशवीत ओतलं, वर लिंबाचा पाला दडपला, त्यावर चांगली चार बोटं चाळलेली राख थापली आणि गोठ्यात जाऊन पडवीच्या भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चंद्रे, सांगून ठिव तुझ्या मालकाला. पिशवीत गुळभेंडीचं बी भरलंय. घटाला लागनार हाय. कुनी हात लावायचा न्हाई."

कायद्याप्रमाणे निरोप पोचला. अडचण एवढीच की भिंतीपलीकडे आबा नव्हतेच. ते कटिंगला गेले होते. मीही तेव्हा शिरूरला माहेरी होते. ऐकणारी एकटी चंद्री.

आबा गुळगुळीत दाढी करून परतले आणि बघतात तर काय, पिशवी भरलेली! वर करडी, मऊसूत, चाळलेली भुकटी. चष्मा कटिंगच्या दुकानात राहिला होता. आबांना वाटलं, नदीची बारीक वाळू. वाळू चाळणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, दोन दिवस कंबर मोडते, आणि ते आपल्या बायकोनं अबोल्यात असताना, न सांगता, करून ठेवलं! पिशवी उचलली तर हलकी लागली. यावरही त्यांनी विचार केला. वाळू चांगली वाळवली की ओल जाते आणि हलकी होते. हनुमंतला हलकीच पाहिजे, हे तिनं कुठूनतरी ऐकलं असणार. केवढं ते ध्यान! माणूस एकदा खूश व्हायचं ठरवून बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत.

त्याच बैठकीत त्यांनी चष्म्याशिवाय, हाताच्या सवयीनेच तोंड शिवलं. एरवी तोंडाला एकेरी ओळ असते. या पिशवीला त्यांनी दुहेरी घातली. हनुमंतचा टेम्पो त्याच दिवशी उसाचं बेणं घेऊन गावात आला होता, त्यात पिशवी गेलीसुद्धा. मग आबा बाजारात जाऊन आत्यांना आवडते ती गुळाची रेवडी घेऊन आले आणि चुलीपाशी ठेवून काही न बोलता निघून गेले. घंगाळही चिंच लावून लख्ख घासून ठेवलं, स्वतःच्या हाताने.

आत्यांनी रेवडी बघितली, घंगाळ बघितलं, खुंटीवरून पिशवी हललेली बघितली. त्यांनी हिशेब केला तो असा, की माणसाला चूक उमगली, पिशवी त्यानं आपल्याला देऊन टाकली आणि घुशींपासून लांब कुठेतरी माळ्यावर नीट ठेवली. मी माहेरून परतले तर घरात सणासारखं वातावरण. आत्या आबांच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत होत्या. आबा "बास, बास" म्हणत होते आणि ताट पुढे सरकवत होते. मी विक्रमला उठवून विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, चाललंय तर चालू दे, आणि कुशीवर वळला.

असे पंधरा दिवस गेले. माझ्या लग्नानंतरचे सगळ्यात सुखाचे.

घटस्थापनेच्या सकाळी आत्यांनी शेतातली काळी माती आणली, चाळली, पत्रावळीवर पसरली, मधे घट ठेवला. मग ओल्या केसांनी ओसरीत आल्या आणि सरळ आबांना विचारलं, "अवो, बियाची पिशवी कुठं ठिवलीया?"

"कसल्या बियाची?"

"गुळभेंडीच्या. चामड्याच्या पिशवीतल्या."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी ब्लाउजची बाही लावत होते, ती मी उलटी लावली.

"त्यात वाळू व्हती," आबा म्हणाले.

"वाळू? मी भरलं की त्यात बी! वर राख लावली! मी सांगितलं व्हतं!"

"कवा सांगितलं? कुणाला?"

"चंद्रीला!"

दुसऱ्या कुठल्या घरात या उत्तरावर कुणी हसलं असतं. आबा हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचार केला. "कोणत्या दिवशी?" आत्यांनी वार सांगितला. आबांनी हनुवटीवर हात फिरवला. "तवा मी कटिंगला गेलो व्हतो. आल्यावर तोंड शिवून हनुमंतला धाडली," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली. मग आत्या खांबाला धरून खाली बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पंधरा दिस झालं," त्या हळूच म्हणाल्या. "पंधरा दिस तो माझ्या आयच्या बियाला मोगरीनं कुटतोय."

विक्रम रात्रपाळी करून झोपला होता. गाडीची किल्ली मी घेतली. आबा माझ्या शेजारी, आत्या मागे. गाडीत चंद्री नव्हती, त्यामुळे सगळा बोजा माझ्यावर.

"सायले, सांग त्यांना, बी भरडलं आसंल तर मी घरात पाय ठिवणार न्हाई."

"सायले, सांग तिला, राखंखाली बी लपवतं का कोन?"

"सायले, सांग त्यांना, बी राखंतच ठिवत्यात. चार एकराचा धनी हाय, एवढं कळाय पाहिजे."

मी गाडी पुलावर थांबवली. भीमेला पाणी भरपूर होतं आणि मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत होता. मी म्हटलं, "आता जर मला कुणी म्हैस समजून बोललं, तर मी इथेच उतरेन आणि गाडी तुमची तुम्ही ढकला." मग खुटबावपर्यंत शांतता.

वर्कशॉपचा आवाज रस्त्यावरूनच आला. धप. धप. धप. प्रत्येक धप्पला मागच्या सीटवर आत्या "आगं आय" म्हणत होत्या. हनुमंत मांडी घालून बसला होता, पुढ्यात आबांची पिशवी, पिशवीवर एका पिकअपचं मडगार्ड आणि हातात मोगरी. आम्हाला पाहून त्याला भरतं आलं.

"आबा! या, या! तुमाला फोनच करणार व्हतो. ही पिशवी काय शिवलीया! पयलीपेक्षा ही लाखात एक. आवाज न्हाई, हाताला झिणझिण्या न्हाईत, पत्रा लोण्यावानी बसतोय. दौंडवरनं दोन मिस्त्री बघाय येऊन गेलं. मी म्हनलं, आमच्या आबांचा हात हाय, दुसऱ्याला जमायचं न्हाई!"

आबांचा पडलेला चेहरा जरा वर आला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस आता मोठ्या पेचात आहे. खरं सांगावं, तर ज्याला वाळू आणि ज्वारी यातला फरक कळला नाही तो हाच म्हणून दोन तालुक्यांत नाव होणार. न सांगावं, तर मागे आत्या उभ्या.

"पिशवी जरा दे," आबा घसा खाकरून म्हणाले. "शिवण तपासायची हाय."

"शिवण? तुमची? उसवायची न्हाई, तुमीच म्हनला."

"तरीबी."

"न्हाई आबा, ही मी सोडत न्हाई. पयली घेऊन जावा पाहिजे तर."

आबांनी आत्यांकडे पाहिलं. आत्या मान खाली घालून पिशवीकडे बघत होत्या. मोगरीच्या माराने मधोमध खड्डा पडलेल्या त्या कातड्यावर त्या हात फिरवायला गेल्या आणि मधेच हात मागे घेतला. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हनुमंता, वाळू न्हाई त्यात," ते म्हणाले. "ज्वारी हाय. हिच्या माहेरचं बी हाय. मला कळलं न्हाई. मी येडा हाय."

पिकअपचा मालक चहा पीत होता, त्याला ठसका लागला. हनुमंत मात्र हसला नाही. त्याने एकदा पिशवीकडे, एकदा आत्यांकडे पाहिलं आणि मडगार्ड बाजूला ठेवलं. आतल्या खोलीकडे तोंड करून त्याने बायकोला हाक मारली. "गिताबाई, सूप आण!"

मग आबांनी खिशातून रापी काढली, चामडं कापायची ती. आणि पुढचा अर्धा तास आम्ही सगळ्यांनी एक तमाशा पाहिला. आबांना आबांची पिशवी उघडेना. एक टाका कापला तर शेजारचा तसाच. दोन कापले तर तिसरा जास्तच आवळला. घामाने चष्मा घसरत होता. चामडं सरळ चिरलं असतं तर काम झालं असतं, पण आपलं चामडं चिरायला हात धजेना. "मलासुदिक उघडता येत न्हाई," असं म्हणताना हा माणूस फुशारकी मारत नव्हता, खरंच बोलत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"एवढं घट्ट कशाला शिवायचं?" आत्या शेवटी कळवळून म्हणाल्या. सरळ त्यांना म्हणाल्या. "बाकीच्या पिशव्यांला एकच वळ असती. हिलाच दोन कशाला?"

आबांनी मान वर केली नाही. "मला वाटलं, तू वाळू चाळून भरलीस. माझ्यासाठनं. तुझा हात लागला म्हनून दुहेरी घातली."

पिकअपवाल्याने कप खाली ठेवला. आत्या त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी ताणून धरली. "हं, काप आता," त्या म्हणाल्या. नवऱ्याला अरेतुरे केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आबांनी चामडंच चिरलं.

वरचा थर पीठ झाला होता. राख, पाल्याचा चुरा आणि ज्वारीचं पीठ, सगळं एकजीव. गिताबाई सुपात घेऊन म्हणाली, "आत्या, दळणाचं पैसं तेवढं वाचलं बगा." मग आत्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी आणि काठाच्या कडेकडेने, जिथे मोगरी पोचली नव्हती, तिथे दाणे शाबूत होते. म्हणजे दिसायला शाबूत. गिताबाईनं पाखडलं, आत्यांनी वेचलं, मी निवडलं, हनुमंतच्या कोंबड्यांनी पीठ संपवलं. दोन पायलीतलं जेमतेम पायलीभर उरलं.

"पन एवढा मार खाल्ल्यालं उगवंल का?" आत्यांनी दाणा तळहातावर घेऊन उन्हात धरला. त्याचं उत्तर आता मातीच देणार होती.

घट बसायला दुपार टळली. मुहूर्त कधीच गेला होता. आत्या म्हणाल्या, देवीला कळतं. पहिली मूठ त्याच दाण्यांची पडली.

पुढचे दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आबा तसे देवभोळे नव्हेत, देवघरात ते वर्षातून दोनदा जातात. पण आता ते रोज पहाटे मोबाईलचा टॉर्च लावून घटापुढे वाकायचे. आत्या फुलांची माळ चढवायला आल्या की हे उगीच खुंटीवरची टोपी शोधायचे. चंद्रीला कुणी काही सांगेना. ती आपली मान वळवून वळवून घराकडे बघायची. तिसऱ्या दिवशी गहू वर आला. सातू आला. ज्वारी नाही. चौथ्या दिवशीही नाही. आत्यांनी त्या दिवशी जेवताना अर्धीच भाकरी खाल्ली आणि मला म्हणाल्या, "जाऊ दे. माझ्याबरूबर जानारच व्हतं कवातरी." मला इतकं वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली.

पाचव्या दिवशी पहाटे आबांची हाक आली. नुसती हाक नाही, आरोळीच. "साखरे!" बायकोचं नाव घेऊन हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती. आत्या धावल्या, मी धावले, विक्रमसुद्धा उठून आला. घटाच्या कडेला, गव्हाच्या गर्दीत, जरा तांबूस देठाची, सुईच्या टोकाएवढी ज्वारी वर आली होती. एक नाही, बऱ्याच ठिकाणी. आत्या खाली बसल्या आणि रडल्या. या वेळी डोळ्यात धूळ गेल्याचं सांगितलं नाही. आबा टॉर्च धरून उभे होते. तोंडाने म्हणत होते, "मी म्हनलं व्हतं. चामडं चांगलं हाय, दाण्याला लागायचं न्हाई." ते असं कधीच म्हणाले नव्हते, पण त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही.

दसऱ्याला घटातले कोंब उपटून टोपीत खोवतात. आत्यांनी निवडून ज्वारीचे कोंब काढले आणि आबांच्या टोपीत स्वतः खोवले. दुसऱ्याच दिवशी जिराईत एकरात ते पायलीभर बी पेरलं.

हनुमंत पेढे घेऊन आला. बरोबर मागणी. दौंडच्या दोन्ही मिस्त्र्यांना तसल्याच पिशव्या पाहिजेत, ज्वारी भरलेल्या. वाळूच्या नकोत. आबांना हसावं की रडावं कळेना. आत्या आतून म्हणाल्या, "बाजारची ज्वारी भरा म्हनावं. माझ्या बियाला हात लावायचा न्हाई." हे त्यांनी चंद्रीला नाही, हनुमंतला सांगितलं.

त्या पिशव्या शिवायच्या आधी आबा दोन दिवस पडवीत एक वेगळंच काहीतरी शिवत बसले होते. मला दाखवेनात. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हातातली पिशवी आत्यांपुढे धरली. तेच जाड चामडं, तीच दुहेरी ओळ, पण तोंड शिवलेलं नव्हतं. वर झाकण होतं आणि झाकणाला वादी, ओढली की सुटणारी. आयुष्यभर उसवायची नाही, उघडायची नाही म्हणणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच उघडणारी पिशवी शिवली होती.

"बियाला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी."

आत्यांनी हात पदराला पुसले. पिशवी घेतली, वादी ओढली, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग शिवण दोन्ही अंगठ्यांत धरली आणि आबांच्या डोळ्याला डोळा देऊन ताणून बघितली.

"जरा सैल वाटतीया," त्या म्हणाल्या.